६४ आणि ६४: आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आकड्यांतून लशीचा गुण कसा वाचायचा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, फेब्रुवारी ते मे २०२१ या काळात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ६४ जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं. एकही डोस न घेतलेल्यांपैकीही ६४ जणांनाच. नुसते हे दोन आकडे कानावर पडले तर कुणाच्याही मनात येईल, मग लस घेऊन फरक काय पडला?

फरक पडला, आणि तो मोठा होता. दोन्ही डोस घेतलेले कर्मचारी होते ७,०८०. लस न घेतलेले होते १,६०९. म्हणजे घेतलेल्यांत दर हजारी ९ जण भरती झाले आणि न घेतलेल्यांत दर हजारी ४०. भरती झालेल्यांची नुसती डोकी मोजली तर बरोबरी दिसते. ती डोकी किती जणांमधून आली हे पाहिलं की चौपटीहून जास्त अंतर दिसतं. जिथे बहुतेकांनी लस घेतलेली असते तिथे आजारी पडणाऱ्यांतही लस घेतलेले बरेच असणारच, कारण मुळात तेच संख्येने जास्त असतात. समजा तिथल्या एकूण एक कर्मचाऱ्याने लस घेतली असती, तर भरती झालेला प्रत्येक जण लस घेतलेलाच निघाला असता. ती बातमी खरी असती आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा.

रुग्णालयांच्या बाबतीत ही गफलत फार होते, कारण लसीकरण तिथेच सगळ्यात जास्त झालेलं असतं. आणि ज्या परिचारिकेने, वॉर्डबॉयने किंवा लॅब टेक्निशियनने दोन डोस घेऊनही अंगावर आजार काढला, त्याचा अनुभव खोटा नसतो. त्या अनुभवावरून लशीचा गुण मात्र ठरवता येत नाही. तो ठरवायला तुलना लागते.

ती तुलना अशी करतात. लस न घेतलेल्यांची जोखीम १०० धरली, तर घेतलेल्यांची किती उरली? वेल्लोरमध्ये भरती होण्याची जोखीम ४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आली. म्हणजे मूळ जोखमीचा साधारण २३ टक्के भाग उरला, ७७ टक्के गेला. हा ७७ म्हणजेच लशीची परिणामकारकता. लस ९५ टक्के परिणामकारक आहे असं वाचलं की अनेकांना वाटतं, घेतलेल्या १०० पैकी ५ जण आजारी पडणार. तसं नाही. फायझरच्या मूळ चाचणीत दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांपासून पुढे मोजलं, तेव्हा लस मिळालेल्या गटात ८ आणि खोटी, म्हणजे लस नसलेली, सुई मिळालेल्या गटात १६२ रुग्ण निघाले. दोन्ही गट जवळपास सारखेच, प्रत्येकी वीसेक हजारांच्या घरातले. ९५ टक्के आले ते ८ आणि १६२ यांच्या तुलनेतून. लस घेतलेल्यांत त्या काळात आजारी पडले ते दहा हजारांत चार-पाच जण.

पण चाचणी ही चाचणी असते. तिथे लोक निवडून घेतलेले असतात, डोस ठरल्या दिवशी मिळतो, लस योग्य तापमानात राहिली की नाही यावर कुणाची तरी नजर असते. कुणाला लस आणि कुणाला खोटी सुई हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे दोन्ही गट सारखे असतात. बाहेरच्या जगात यातलं काहीच हमखास नसतं. डोस उशिरा होतो, विषाणूचा नवा प्रकार येतो, आणि लस कुणी घ्यायची हे चिठ्ठी ठरवत नाही, माणूस स्वतः ठरवतो. म्हणून लस बाजारात आल्यावर तिचा गुण पुन्हा मोजावा लागतो, आणि तो आरोग्य कर्मचाऱ्यांत जितका लवकर मोजता येतो तितका दुसरीकडे क्वचितच.

याचं पहिलं कारण म्हणजे लस त्यांना आधी मिळाली. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० पासून, अमेरिकेत १४ डिसेंबरपासून, भारतात १६ जानेवारी २०२१ पासून. दुसरं म्हणजे विषाणूशी त्यांची गाठ रोजची. जिथे संसर्गच होत नाही तिथे लस चालते की नाही हे कळायला वर्ष जाईल. रुग्णालयात ते काही आठवड्यांत कळतं. आणि त्यांच्या नोंदी असतात: हजेरी, डोसची तारीख, तपासणीचा अहवाल, आजारपणाची रजा, सगळं एकाच संस्थेत. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. हे सगळे काम करण्याच्या वयातले, बहुतेक धडधाकट लोक. ऐंशी वर्षांच्या माणसाला लस किती वाचवते हे त्यांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

माणसं न मोजता दिवस मोजणं

अमेरिकेत आठ ठिकाणी ३,९५० जणांवर झालेला एक अभ्यास मला समजावून सांगायला फार सोयीचा वाटतो. त्यात आरोग्य कर्मचारी होते, आपत्कालीन सेवेतले लोक होते आणि लोकांत मिसळून काम करावं लागणारे इतरही होते. डिसेंबर २०२० च्या मध्यापासून मार्च २०२१ च्या मध्यापर्यंत प्रत्येकाने दर आठवड्याला नाकातला नमुना द्यायचा, लक्षणं असोत वा नसोत. दर आठवड्याची ही तपासणी फार मोलाची. नाहीतर ताप आला तरच माणूस तपासणीला जातो आणि लक्षणांशिवायचा संसर्ग हिशेबातून निसटतो.

आता अडचण बघा. एखादी परिचारिका डिसेंबरमध्ये लस न घेतलेली आहे, जानेवारीत तिचा एक डोस झाला, फेब्रुवारीत दुसरा. तिला कुठल्या गटात टाकायचं? उत्तर असं की तिला टाकायचंच नाही, तिचे दिवस वाटायचे. लशीआधीचे दिवस एका खात्यात, पहिल्या डोसनंतर १४ दिवस उलटले की पुढचे दिवस दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटले की तिसऱ्या. संसर्ग ज्या दिवशी सापडला तो त्या दिवसाच्या खात्यात जमा. डोस आणि खातं बदलणं यांत १४ दिवसांचं अंतर ठेवतात, कारण दंडात सुई गेल्या क्षणी संरक्षण तयार होत नसतं. शरीराला प्रतिसाद उभा करायला साधारण दोन आठवडे लागतात.

असं मोजल्यावर लस न घेतलेल्या दर हजार दिवसांमागे १.३८ संसर्ग निघाले आणि पूर्ण लस झालेल्या दर हजार दिवसांमागे ०.०४. सरळ भागाकार केला तर परिणामकारकता ९७ टक्के येते. पण जाहीर झालेला आकडा होता ९० टक्के. सात टक्के गेले कुठे?

ते गेले दिनदर्शिकेत. लस न घेतलेले बहुतेक दिवस डिसेंबर-जानेवारीतले होते, जेव्हा अमेरिकेत साथ शिगेला होती. पूर्ण लस झालेले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले, जेव्हा साथ ओसरत होती. म्हणजे संसर्ग घटण्यातला काही भाग लशीचा होता आणि काही भाग ऋतू पालटल्यासारखा आपोआप आलेला. अभ्यासकांनी म्हणून जी पद्धत वापरली तिच्यात एकाच वेळी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची तुलना होते. त्यात लशीच्या पदरात नाहक पडलेलं श्रेय काढून घेतलं जातं. अभ्यास किती प्रामाणिकपणे केलाय हे मला अशा जागी दिसतं. ९७ छापता आले असते. ते छापले नाहीत.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट लपवलेली नव्हती. पूर्ण लस झालेल्यांत एकूण संसर्ग होते अवघे तीन. तीन घटनांवर उभा असलेला आकडा डगमगता असणारच. म्हणून ९० च्या शेजारी त्यांनी ६८ ते ९७ असा पट्टा दिला होता. खरं उत्तर त्या पट्ट्यात कुठेतरी असण्याची शक्यता दाट आहे, एवढाच त्याचा अर्थ. बातम्यांत ९० तेवढा येतो आणि पट्टा गळतो. मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या अभ्यासात ८५ आले की लोक म्हणतात, लस उतरली.

ते ८५ खरंच आले होते. ब्रिटनमध्ये सायरन नावाचा मोठा अभ्यास रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांवर चालू होता. त्यातल्या २३,३२४ जणांची दर दोन आठवड्यांनी पीसीआर तपासणी व्हायची. फायझरच्या पहिल्या डोसनंतर २१ दिवसांनी संरक्षण ७० टक्के आणि दुसऱ्यानंतर सात दिवसांनी ८५ टक्के निघालं. मूळ चाचणीतल्या ९५ पेक्षा हे कमी वाटतं, पण दोन्हीकडे मोजलेली गोष्टच वेगळी आहे. चाचणीत लक्षणं असलेला आजार मोजला होता. सायरनमध्ये लक्षणांशिवायचा संसर्गही मोजला. संसर्गच होऊ न देणं हे आजारी पडू न देण्यापेक्षा अवघड काम. त्यात ८५ म्हणजे खरं तर उत्तमच.

संसर्ग, भरती, ऑक्सिजन, आयसीयू

वेल्लोरचा हिशेब पुढे वाचला तर एक चढती भाजणी दिसते. दोन डोसनंतर संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, भरती होण्यापासून ७७, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि आयसीयूपासून ९४. आयसीयूत गेलेल्यांची संख्या बघा: दोन्ही डोस घेतलेल्या ७,०८० मधले २, न घेतलेल्या १,६०९ मधले ८. यातल्या बहुतेकांनी कोविशील्ड घेतली होती. दक्षिण आफ्रिकेत जॉन्सन अँड जॉन्सनचा एकच डोस मिळालेल्या सुमारे ४ लाख ७७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांतही असंच दिसलं: भरतीपासून ६७ टक्के, आयसीयूपासून ७५ आणि मृत्यूपासून ८३. लस वेगळी, देश वेगळा, विषाणूचे प्रकार वेगळे, पण भाजणी तीच.

हे असं का होतं? दंडात घेतलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, भरपूर तयार होतात, पण विषाणू शिरतो तो नाका-घशाच्या अस्तरातून, आणि तिथे पोहोचणारी प्रतिपिंडं तुलनेने कमी. दाराशीच अडवायचं तर रक्तातली पातळी खूप वर असावी लागते. ती डोसनंतरचे काही आठवडे तशी असते, मग उतरते. पण लस आणखी एक गोष्ट मागे ठेवते: स्मृतिपेशी. त्या नेहमी फौजेनिशी उभ्या नसतात. विषाणू दिसला की त्या जाग्या होतात, वाढतात, नव्याने प्रतिपिंडं बनवायला लागतात. याला काही दिवस जातात. कोरोनात नाकातला संसर्ग दोन-तीन दिवसांत पक्का होतो, त्यामुळे तिथे स्मृतिपेशी उशिरा पोहोचतात. फुप्फुसापर्यंत आजार जाऊन ऑक्सिजन लागायची वेळ यायला मात्र आठवडाभर किंवा जास्त लागतो. तेवढ्यात त्या कामाला लागलेल्या असतात. सर्दी-ताप येतो, पण आयसीयू टळतं, ते या दोन वेळापत्रकांमुळे.

लस घेऊनही झाला, हे वाक्य म्हणून अर्धं असतं. झाला खरा, पण काय झालं आणि किती दिवस, हे उरलेलं अर्धं. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात नंतर हेही पाहिलं गेलं. लस घेऊन संसर्ग झालेल्यांच्या नाकात विषाणूचं प्रमाण सरासरी ४० टक्के कमी होतं, ताप येण्याची जोखीम ५८ टक्के कमी होती आणि अंथरुणात काढलेले दिवस दोनाहून जास्त दिवसांनी कमी होते. आधीच माणसं कमी असलेल्या वॉर्डात एकेका कर्मचाऱ्याचे दोन दिवस म्हणजे काय, हे तिथे ड्यूटी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

एम्सचे ५० टक्के

नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कोवॅक्सिन फक्त ५० टक्के परिणामकारक अशी चर्चा झाली. चाचणीतला आकडा होता ७७.८. इतकी घसरण कशी? इथे आधी अभ्यासाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण ती हुशारीची आहे.

एम्सने १५ एप्रिल ते १५ मे २०२१ या महिन्यातले, लक्षणं असल्यामुळे तपासणीला आलेले २,७१४ कर्मचारी घेतले. १,६१७ जण पॉझिटिव्ह निघाले, १,०९७ निगेटिव्ह. मग दोन्ही गटांत किती जणांची लस झाली होती ते पाहिलं. लस काहीच करत नसेल तर दोन्ही गटांत लस घेतलेल्यांचं प्रमाण सारखंच असायला हवं. लस काम करत असेल तर पॉझिटिव्ह गटात ते कमी असेल. यात फायदा असा की तपासणीला आलेल्यांचीच तपासणीला आलेल्यांशी तुलना होते. काही जण शिंक आली तरी तपासून घेतात, काही जण ताप अंगावर काढतात, आणि लस घेण्याच्या बाबतीतही बहुधा हेच दोन स्वभाव आड येतात. या रीतीत दुसऱ्या प्रकारची माणसं दोन्ही बाजूंनी बाहेर राहतात.

मग ५० का? तो महिना आठवा. विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार पसरलेला, दिल्लीत खाटा आणि ऑक्सिजन संपलेले, आणि तपासणीला आलेल्या दर दहा कर्मचाऱ्यांतले सहा पॉझिटिव्ह. चाचणी झाली तेव्हा डेल्टाचा असा जोर नव्हता. शिवाय एक कारण गणिताचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा विषाणूशी एकदा गाठ पडली की लस न घेतलेल्याला संसर्ग होण्याची शक्यता १० टक्के आहे आणि लस घेतलेल्याला ५ टक्के. म्हणजे एका गाठीपुरती लस ५० टक्के परिणामकारक. आता दोघांचीही दहा वेळा गाठ पडू द्या. न घेतलेल्यांतले साधारण ६५ टक्के लोक कधी ना कधी सापडतील, घेतलेल्यांतले ४० टक्के. या दोन आकड्यांवरून परिणामकारकता काढली तर येते ३८ टक्के. लस तीच, प्रत्येक वेळी तिने तेवढंच काम केलं, पण मारा वाढला तसा तिचा आकडा खाली आला. घरी बसून काम करणाऱ्याची दहा वेळा गाठ पडायला वर्ष लागेल. कोविड वॉर्डातल्या परिचारिकेला एक पाळी पुरेशी असते. आरोग्य कर्मचाऱ्यांत लशीचे आकडे इतरांपेक्षा कमी दिसले तर या गोष्टीचाही विचार करावा लागतो. त्यांच्यासाठी मास्क, हवेशीर वॉर्ड, पुरेसे पीपीई किट या गोष्टी लस आल्यावर ऐच्छिक होत नाहीत ते याच गणितामुळे. दर पाळीतल्या गाठी कमी करणं हे रुग्णालय चालवणाऱ्यांचं काम आहे आणि त्याची जबाबदारी लशीवर ढकलता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय सेनादलांच्या अभ्यासाकडेही असंच बघायला हवं. त्याच दुसऱ्या लाटेत, कोविशील्डवरच, सुमारे १५.९ लाख आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांत संसर्गापासून ९३ टक्के आणि मृत्यूपासून ९८ टक्के संरक्षण निघालं. वेल्लोरचे ६५ आणि सेनादलांचे ९३ यांत एक खरा आणि एक खोटा असं नसतं. सेनादलांतल्या त्या लोकांचं सरासरी वय २८ च्या आसपास होतं, जवळपास सगळे पुरुष होते, आणि सगळे काही रुग्णालयात काम करत नव्हते. मोजण्याची रीतही वेगळी होती.

कुणी घेतली आणि कुणी नाही

वेल्लोरचे जे आकडे वर दिले तो साधा भागाकार आहे. लस न घेतलेले ते १,६०९ जण कोण होते, यावर बरंच अवलंबून असतं. काहींना आधीच कोरोना होऊन गेला म्हणून त्यांनी लस टाळली असेल, तर त्यांना आधीच थोडं संरक्षण होतं आणि लशीचा गुण प्रत्यक्षाहून कमी दिसेल. काही जण एरवीही काळजी न घेणारे असतील, तर उलट होईल आणि लशीचा गुण फुगून दिसेल. कार्यालयात बसणारा कारकून आणि आयसीयूतली सिस्टर एका तराजूत घालून चालत नाही. चांगले अभ्यास म्हणून वय, कामाची जागा, आधीचा संसर्ग यांचा हिशेब वेगळा करतात. तरीही काही शिल्लक राहतंच.

ते शिल्लक राहिलेलं कधीकधी चक्क दिसतं. इस्रायलच्या शेबा मेडिकल सेंटरमधल्या ९,१०९ कर्मचाऱ्यांत पहिल्या डोसनंतरच्या १५ ते २८ दिवसांत संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी होता. ते पटण्यासारखं आहे. पण पहिल्या १४ दिवसांतही तो ३० टक्क्यांनी कमी दिसला, जेव्हा शरीराचा प्रतिसाद जेमतेम सुरू होत असतो. याचा काही भाग असा असू शकतो की ज्यांना अंगात कणकण होती किंवा जे विलगीकरणात होते ते त्या आठवड्यात डोस घ्यायला गेलेच नाहीत, त्यामुळे लस घेतलेल्यांच्या गटात सुरुवातीला निरोगी माणसंच जास्त आली. असा आकडा दिसला की मी तरी उरलेले आकडेही जरा हात राखून वाचतो.

महिने उलटतात तसं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या आरोग्यसेवेत मार्च २०२१ मध्ये परिणामकारकता ९४ टक्क्यांच्या आसपास होती. जुलैत ती ६५.५ वर आली. दरम्यान तीन गोष्टी एकदम झाल्या होत्या: डेल्टा आला, जूनच्या मध्यावर राज्यात मास्कची सक्ती उठली, आणि लस घेऊन सहा महिने होत आले. यातलं खरं कारण कुठलं? तिथल्या लोकांनी एक साधी गोष्ट केली. जुलै महिन्यातलेच आकडे घेतले, म्हणजे डेल्टा आणि मास्क सगळ्यांना सारखेच. मग लस कधी घेतली त्यावरून गट पाडले. जानेवारी-फेब्रुवारीत लस पूर्ण झालेल्यांत दर हजारी ६.७ रुग्ण निघाले, मार्च ते मेमध्ये झालेल्यांत ३.७ आणि लस न घेतलेल्यांत १६.४. लस जुनी होत जाते तसं संसर्गापासूनचं संरक्षण उतरतं, हे यातून दिसलं. आणि जुन्या लशीवाले न घेतलेल्यांच्या निम्म्याहूनही खाली होते, हेही त्याच ओळीत.

सायरनमध्येही पुढे तेच आढळलं. दुसऱ्या डोसनंतर सुरुवातीला असलेलं ८५ टक्के संरक्षण सहा-सात महिन्यांनी ५१ वर आलं. आधी कोरोना होऊन गेलेल्या आणि नंतर लसही घेतलेल्यांचं मात्र वर्ष-दीड वर्षानंतरही ९० च्या वर टिकलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अशा आकड्यांचा बूस्टरच्या निर्णयांत मोठा वाटा होता. भारतात १० जानेवारी २०२२ पासून ज्यांना आधी तिसरा डोस मिळाला त्यांत आरोग्य कर्मचारी होते.

आणि त्यांच्या घरच्यांचं काय? पहिल्या लाटेत कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका घरी जायला घाबरत होत्या. स्कॉटलंडमध्ये १ लाख ४४ हजार आरोग्य कर्मचारी आणि त्यांच्यासोबत राहणारे १ लाख ९४ हजार लोक यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या. कर्मचाऱ्याचा पहिला डोस होऊन दोन आठवडे झाले की घरच्यांतले रुग्ण ३० टक्क्यांनी कमी, दुसऱ्यानंतर ५४ टक्क्यांनी. घरच्यांना विषाणू दुकानातून, बसमधूनही येतोच, आणि ते कर्मचाऱ्याच्या लशीने थांबत नाही. म्हणजे कर्मचाऱ्याकडून घरी जाणारा संसर्ग या आकड्यांपेक्षाही जास्त घटला असणार.

एक जुनी लस

कोरोनाने आरोग्य कर्मचारी आणि लस हा विषय चर्चेत आणला, पण या पेशाला जिने आधीपासून सांभाळलं आहे ती लस हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची. अमेरिकेत १९८३ साली सुमारे १७,००० आरोग्य कर्मचाऱ्यांना कामावर हा संसर्ग झाल्याचा अंदाज होता. १९९५ साली तो ४०० च्या आसपास आला. हातमोजे आणि सुया टाकायच्या सुरक्षित पद्धती याच काळात आल्या, त्यांचाही यात वाटा आहे. १९९१ साली तिथल्या कायद्याने मालकावर ही लस फुकट देण्याचं बंधन घातलं, त्याचाही.

इथे मघाचं वेळापत्रक पुन्हा कामाला येतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला साधारण दोन ते पाच महिने लागतात. स्मृतिपेशींना जागं व्हायला एवढा वेळ म्हणजे चंगळ. म्हणून तीन डोसनंतर रक्तातली प्रतिपिंडं वर्षानुवर्षांत मोजता न येण्याइतकी उतरली, तरी एकदा नीट प्रतिसाद दिलेला निरोगी माणूस सुरक्षित राहतो आणि त्याला सहसा बूस्टर लागत नाही. कोरोनाची लस कमजोर आणि ही दणकट, असा सरळ निवाडा म्हणूनच करता येत नाही. दोन विषाणूंचा वेग वेगळा आहे.

ज्या कर्मचाऱ्याला लस घेण्याच्या काळात कधीच प्रतिसाद आला नाही, त्याला मात्र हे संरक्षण नसतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, तपासायची असते. दर मिलिलिटरला १० मिलि-युनिट किंवा त्याहून जास्त आली तर ठीक. कमी आली तर डोस पुन्हा द्यायचे आणि पुन्हा तपासायचं. दूषित सुई टोचल्यावर काय करायचं हे याच आकड्यावर ठरतं. टायटर पुरेशी असल्याची नोंद हातात असेल तर हिपॅटायटिस बीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. लसच झालेली नसेल आणि रुग्ण बाधित असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत आणि सोबत लस सुरू करावी लागते. मध्यरात्री तीन वाजता जुना कागद शोधण्यापेक्षा ती नोंद आधीच फाइलला लागलेली बरी.

आणि ही नोंद फक्त डॉक्टर-परिचारिकांची असून भागत नाही. वापरलेली सुई चुकीच्या पिशवीत टाकणारा एक असतो आणि ती टोचते ती पिशवी उचलणाऱ्याला. कंत्राटावरचे सफाई कर्मचारी, कपडे धुणारे, जैव कचरा वाहून नेणारे यांची नावं कित्येकदा लसीकरणाच्या यादीत येत नाहीत, कारण ते रुग्णालयाच्या पटावर नसतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. यादी करताना कंत्राटदाराकडूनही नावं मागवून घ्यायची, आणि त्यांचे तीनही डोस आणि टायटर बाकीच्यांसारखेच फुकट करून द्यायचे.